सगळं आपल्या मानसिकतेवरच असतं का?

तुम्ही लिहिलंय, नोकरीसाठी बेंगळुरूला आलोय, ऑफिसात लोक कन्नडमध्ये काही बोलून हसले की आपल्यावरच हसतायत असं वाटतं. मित्र म्हणतो सगळं तुझ्या डोक्यात आहे, मानसिकता बदल, आयुष्य बदलेल. हे खरं का?

मित्राचं निम्मं बरोबर आहे. उरलेल्या निम्म्यासाठी त्याला बेळगावला पाठवून द्या.

माझं बेळगावच्या उद्यमबागेत, म्हणजे कारखान्यांच्या वसाहतीत, छोटं वर्कशॉप आहे. दोन लेथ, एक मिलिंग, फौंड्रीवाल्यांचं जॉबवर्क. गाव बेळगावच्या पश्चिमेला, भाताचं. 1986 साली कन्नड सक्तीविरोधातलं आंदोलन झालं तेव्हा मी सातवीत होतो. वडील त्यात होते. दर 1 जूनला हिंडलग्याच्या हुतात्मा स्मारकावर आणि 1 नोव्हेंबरला, बेळगाव कर्नाटकात गेल्याच्या निषेधाच्या काळ्या दिनाच्या फेरीत, दंडाला काळी फीत बांधून, ते हातपाय चालत होते तोवर गेले. "कन्नड शिकू नको" असं त्यांनी मला कधी सांगितलं नाही. सांगायची गरजच नव्हती. शाळेतला कन्नडचा पेपर मी पाठांतरावर काढला आणि परीक्षा झाल्यावर अक्षरं विसरलो. विसरलो म्हणजे, ठरवून विसरलो. बाजारापुरतं बोलणं राहिलं. एष्टु (किती), बेडा (नको), नाळी बा (उद्या ये). आमच्याकडं तेवढ्यावर माणूस जन्म काढू शकतो.

2011 मध्ये वडील गेले. वर्षानं शेतीच्या वारसा नोंदीसाठी एका सरकारी कचेरीत गेलो. वारस आम्ही तिघं: आई, मी आणि पुण्याला दिलेली ताई. खिडकीतल्या क्लार्कनं उतारा हातात घेतला, मृत्यूचा दाखला शेजारी ठेवला, दोन्हीवरून बोट फिरवलं आणि मान वर करून म्हणाला, "निम्म अप्पन..." पुढचं मला कळलं नाही. शेजारच्या टेबलावरचा वाकून कागदात बघायला लागला आणि फिस्सकन हसला. मग क्लार्कही हसला.

"निम्म अप्पन" म्हणजे "तुमच्या बापाचं". मराठीत भांडण कुठल्या शब्दांनी सुरू होतं ते तुम्हाला माहीत आहेच. महिना झाला नव्हता वडिलांचं वर्षश्राद्ध होऊन. मी काउंटरवर हात आपटला. आम्ही काय भीक मागायला आलोय का, इथपासून 1956 च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत सगळं काढलं. लोक गोळा झाले. कागद ओढून घेतले आणि बाहेर पडलो. छत्री तिथंच राहिली, ती गेली ती गेलीच.

त्यानंतर अकरा महिने मी त्या कचेरीची पायरी चढलो नाही. एजंट धरला, त्यानं सहा हजार खाल्ले आणि कागद जसेच्या तसे परत आणून दिले. उतारा नावावर नाही म्हणून सोसायटीचं पीककर्ज मिळालं नाही, भाताला बाहेरून व्याजानं पैसे काढले. आणि तुमच्या प्रश्नाशी ज्याचा संबंध आहे ते वेगळंच. त्या अकरा महिन्यांत माझे कानच बिघडले. वर्कशॉपात दोन कन्नड पोरं मशीनवर बोलत असली की मला वाटायचं, विषय मीच. एकाला तर "काय ते मराठीत बोल" म्हणून सगळ्यांसमोर झापला. चांगला हात होता त्याचा, बोअरिंगला बसला की बघत राहावं. पुढच्या महिन्यात सोडून गेला. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात, ते असं. वैऱ्याला एवढा वेळ कुठला.

मग एकदा चहाच्या सुट्टीत तोच उतारा टूलबॉक्सवर पडला होता. आमचा बैलहोंगलकडचा कन्नड ऑपरेटर सहज वाचत होता. एकदम फिस्सकन हसला. तसंच, अगदी तसंच. म्हणाला, "मालकरी, यल्लव्वा यारी?" म्हणजे, मालक, ही यल्लव्वा कोण?

वडिलांचं नाव यल्लाप्पा. कन्नडमधला प आणि व तुम्ही आता रोज बसच्या पाट्यांवर बघत असाल. सख्खे भाऊ वाटावेत इतके सारखे, फरक वरच्या बाजूच्या जराशा रेघेचा. भूमी योजनेत जुने उतारे कॉम्प्युटरवर चढवताना कुणीतरी प च्या जागी व टाकला होता आणि आमचे पैलवानी मिशांचे वडील कागदावर बाई झाले होते. मी त्याला विचारलं, "तुमच्या वडिलांचं नाव चुकलंय" हे तुमच्यात कसं म्हणतात? म्हणाला, "निम्म अप्पन हेसर तप्प ऐत्री."

क्लार्क माझं कामच करत होता ओ. दाखल्यावरचं नाव आणि उताऱ्यावरचं नाव जुळत नाही, एवढंच सांगत होता. हसला ते खरं, पण तो उतारा दुसऱ्या कुणाच्या वडिलांचा असता तर मीही हसलो असतो.

म्हणून म्हणतो, निम्मं बरोबर. आपण आधी ठरवलेलं असतं तेच आपल्याला ऐकू येतं. भित्यापाठी ब्रह्मराक्षस.

आता उरलेलं निम्मं. समज दुरुस्त व्हायला मला एक कप चहा लागला. उतारा दुरुस्त व्हायला पुढं सात महिने. तोच क्लार्क, आता मला ओळखणारा, बऱ्यापैकी गोड बोलणारा. तरी अर्ज कन्नडमध्ये, अफिडेव्हिट, पुन्हा अर्ज, साहेब रजेवर, "नाळी बर्री". माझी मानसिकता बदलली म्हणून एक फॉर्मसुद्धा मराठीत आला नाही. महाराष्ट्रानं 2004 साली सीमाभागासाठी सुप्रीम कोर्टात घातलेला दावाही आमच्या प्रसन्न चेहऱ्याकडं बघून पुढं सरकत नाही.

हे आमच्या दाजींना पटत नाही. दाजी चिंचवडला असतात. दर दिवाळीला येतात, कुंदा खाऊन हात पुसला की सुरू होतात: तुम्हा बेळगावकरांची मानसिकताच रडकी, आयुष्यभर एक गोष्ट धरून बसलात, विचार बदला. ज्याचा सातबारा जन्मापासून मराठीत निघतो त्याला हे सांगायला काय जातंय? मागं त्यांनी मला एका अमेरिकन अभ्यासाचा मेसेज पाठवला. 2007 चा आहे. हॉटेलात खोल्या साफ करणाऱ्या 84 बायका, त्यातल्या काहींना सांगितलं की तुमचं हे काम म्हणजे चांगला व्यायामच आहे. चार आठवड्यांत त्यांचं वजन नि रक्तदाब थोडा उतरला, काम तेवढंच असून. दाजी म्हणाले, बघ! मी विचारलं, पगार वाढला का त्यांचा? त्यावर उत्तर नाही.

माझी मुलगी धारवाडला मानसशास्त्र शिकते. तिनं दुसरा एक काढून दाखवला, 2019 चा. अमेरिकेतली नववीची बारा हजारांच्या आसपास मुलं. बुद्धी ही सरावानं वाढते, असं त्यांना ऑनलाइन दोन बैठकांत शिकवलं, सगळं मिळून तासाभराच्या आत. अभ्यासात मागं असलेल्यांची सरासरी ग्रेड 0.1 पॉइंटनं वाढली. मी दाजींना लगेच फोन लावला, म्हटलं तुमची मानसिकता, पॉइंट वन! फोन ठेवला आणि मुलगी म्हणाली, "बाबा, लेथवर पॉइंट वन म्हणजे किती ओ?"

गप्प बसलो. बेअरिंगच्या सीटवर पॉइंट वन मिलिमीटर जास्त गेलं तर जॉब स्क्रॅप. मी स्वतः पोरांना त्यावरून शिव्या घालतो. हे दाजींना अजून सांगितलेलं नाही, तुम्हीही सांगू नका.

तुमचं म्हणाल तर, ऑफिसात कोण काय बोललं ते शब्द जसे ऐकू आले तसे लिहून ठेवा आणि विश्वासातल्या एखाद्या कन्नड माणसाला अर्थ विचारा. त्या सोडून गेलेल्या पोराच्या बाबतीत मी हे केलं नाही. आणि अक्षरं शिका. कुणी जिंकलं-हरलं म्हणून नाही, प की व ते आपलं आपल्याला कळावं म्हणून. मी चाळिशीत शिकलो, ऑपरेटरनं पत्र्यावर खडूनं काढून शिकवली. काळ्या दिनाच्या फेरीत मी अजूनही जातो. दोन्ही एकदम जमतं, दाजींना काय वाटतं ते वाटू दे.

आणि हो, अर्थ कळल्यावर ते खरंच टोचून बोलत होते असं निघालं, तर तो तुमच्या मनाचा खेळ नव्हे, वरिष्ठांकडं सरळ तक्रार करा. झोप उडालीय, जेवण जात नाही असं चाललं असेल तर माझ्यासारख्याचं ऐकण्यापेक्षा डॉक्टर गाठा.

वारसा नोंद शेवटी झाली. नवीन उताऱ्याचा फोटो मी त्याच संध्याकाळी पुण्याला पाठवला. दहा मिनिटांत दाजींचा फोन. "अरे, यात हिचं नाव कुठंय? मला काहीच दिसेना."

म्हटलं, दाजी, मानसिकता बदलून बघा की.