अकाउंट्समध्ये नापास, म्हणून कॉमर्स सोडायचं का?

पहिल्या घटक चाचणीचे पेपर मुलांच्या हातात पडले, की अकरावी कॉमर्सचे पालक माझ्याकडे यायला लागतात. प्रश्न बहुतेक एकच असतो : "दहावीला बरे मार्क होते, आणि आता अकाउंट्समध्ये नापास. शाखा चुकली का, मॅडम?"

मागे एक आई मुलीला घेऊन आल्या. दहावीला गणितात ती जेमतेम सुटली होती, तेव्हापासून 'माझं गणित कच्चंच' हे तिने मनाशी पक्कं धरलेलं. चाचणीत २५ पैकी ४ मार्क. आईंनी आर्ट्सला बदलून मिळावं म्हणून अर्ज लिहूनच आणला होता. मुलगी मान खाली घालून बसलेली. "अकाउंट्सचा तास आला की पोटात गोळा येतो," एवढंच बोलली.

मार्कांचा विषय बाजूला ठेवून मी तिची वही मागितली. मुलांना जे सांगता येत नाही ते पुष्कळदा वहीत दिसतं. वर्गात उतरवून घेतलेली उदाहरणं स्वच्छ होती. घरी सोडवलेल्या रोजकीर्दीत, म्हणजे व्यवहारांच्या पहिल्या नोंदवहीत, मात्र रोखीची जवळपास प्रत्येक नोंद उलटी. 'रोखीने माल विकला रु. ५,०००' या व्यवहारात तिने विक्री खाते नावे (डेबिट) टाकलं होतं आणि रोख खाते जमा (क्रेडिट). खोडरबराने घासून घासून तिथला कागद विरला होता. पण बेरीज एकही चुकलेली नव्हती. अकरावीच्या अकाउंट्सला बेरीज, वजाबाकी, टक्केवारी यापलीकडे फारसं गणित लागतच नाही, आणि तेवढं तिला चांगलं येत होतं.

"रोख जमेला का टाकलीस गं?"

"पैसे आले ना, मॅडम. आईच्या मोबाइलवर बँकेचा मेसेज येतो. पैसे आले की क्रेडिट, गेले की डेबिट."

मला तिचं कौतुक वाटलं. पोरीने डोकं चालवलं होतं. फक्त तो मेसेज बँकेच्या वहीतला असतो, हे तिला ठाऊक नव्हतं. आपण पैसे ठेवले की बँक आपलं देणं लागते, म्हणून बँक तिच्या वहीत आपलं खातं जमा करते. आपल्या वहीत मात्र त्याच व्यवहाराला बँक खाते नावे पडतं. व्यवहार एक, वह्या दोन. 'येते ते नावे, जाते ते जमा' हा नियम तिला तोंडपाठ होता, पण हा नियम कोणाच्या वहीतून बघायचा हे कळलं नव्हतं. भरलेल्या वर्गात उठून विचारायचं कसं? 'एवढंही येत नाही?' असं कोणी म्हणेल, या धास्तीने ती गप्प राहिली. दहावीपर्यंत हा विषयच नसतो. पहिल्या महिन्यात एक गोष्ट निसटली की पुढे खतावणी (नोंदी खात्यांनुसार मांडणं), तेरीज (सगळ्या खात्यांच्या नावे आणि जमा बाक्यांची जुळणी), सगळंच अंधारात जातं.

मी अकाउंट्स शिकवत नाही, म्हणून त्यांच्या सरांनाच बोलावलं. सरांनी पुस्तक मिटायला लावलं. आई बचत गटाच्या सचिव आहेत हे कळल्यावर त्यांनी गटाचेच व्यवहार घेतले आणि प्रत्येक व्यवहार दोन कागदांवर लिहायला सांगितला. गटाने बँकेत २,००० रुपये रोख भरले. गटाच्या वहीत बँक खाते नावे, रोख खाते जमा. बँकेच्या वहीत रोख खाते नावे, गटाचं खातं जमा. मग गटाने एका सभासदाला १,००० रुपये कर्ज दिलं. मुलगी अडखळली, तेवढ्यात आई म्हणाल्या, "तिच्याकडून आपल्याला यायचेत की." मुलीने सभासदाचं खातं नावे टाकलं, रोख जमा केली आणि सरांकडे बघितलं. सरांनी नुसती मान हलवली.

तेरीज जुळली नाही की अख्खा पेपर गेला, ही तिची दुसरी भीती. त्यावर सरांनी सांगितलेली युक्ती मी आता इतर मुलांनाही सांगते. दोन्ही बाजूंच्या बेरजांमधल्या फरकाची रक्कम निम्मी करा आणि तेवढी रक्कम चुकीच्या बाजूला पडली आहे का ते बघा. फरकाला नऊने पूर्ण भाग जात असेल तर आकडे उलटसुलट लिहिले गेले असण्याची शक्यता आहे, ५४० च्या जागी ४५० असे. अर्थात नोंदच राहून गेली तर तेरीज तरीही जुळते, हेही मुलांना माहीत हवं. शोधायचं कुठे हे कळल्यावर हात थरथरायचे थांबतात, हे मी पाहिलं आहे.

अर्ज आईंनी परत नेला. मुलगी कॉमर्सलाच राहिली. सत्र परीक्षेत पास झाली. घसारा (वापराने वस्तूची घटत जाणारी किंमत) तिला अजून जड जातो आणि त्यासाठी ती सरांकडे स्वतःहून जाते.

आर्ट्सला जाणं म्हणजे हार, असं मात्र मी मुळीच मानत नाही. त्याच वर्षी एका मुलाची वही पाहिली. नोंदी अचूक, ताळेबंद जुळलेला. पण त्याला इतिहास वाचायचा होता आणि वडिलांच्या आग्रहाखातर तो कॉमर्सला बसला होता. त्याच्या वडिलांशी मी तीनदा बोलले आणि शाखा बदलायला लावली. म्हणून मी आलेल्या प्रत्येक मुलाला आधी विचारते : हे तुला येत नाही, की तुला नको आहे? उत्तर आईवडिलांनी न देता मुलाने द्यायचं असतं, आणि त्यासाठी दोघांनाही मी थोडा वेळ बाहेर बसवते.