लाइन क्लिअर मिळालं, सिग्नल पडला नाही

प्रश्न : साहेब, मुलीकडे दिल्लीला जायला मुंबईत विमानात बसलो. पायलटनं माइकवरून सांगितलं, 'क्लिअरन्स मिळाला आहे.' आम्ही पट्टे आवळले, हिनं रामरक्षा सुरू केली, आणि विमान पुढची पंचवीस मिनिटं जागेवरच! परवानगी मिळाली होती तर निघाले का नाहीत? आणि समजा पायलटनं तेवढ्यावरच पळवलं असतं तर?
*(एक वाचक, शाहूपुरी, सातारा)*

उत्तर : पायलट खोटं बोलला नाही, अर्धंच बोलला. त्याला मिळाला तो मार्गाचा क्लिअरन्स. जायचं कुठे, उडाल्यावर कुठल्या वाटेनं बाहेर पडायचं, आधी किती उंचीपर्यंत चढायचं आणि रडारवर ओळख पटावी म्हणून कुठला चार आकडी कोड लावायचा, एवढंच त्यात असतं. तो गेटवर उभं असतानाच देतात. मागे ढकलायची परवानगी वेगळी, टॅक्सीची, म्हणजे जमिनीवरून धावपट्टीकडे चालत जायची, वेगळी, धावपट्टीवर जाऊन उभं राहायची वेगळी आणि उडायची त्याहून वेगळी. त्यात मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे रांग तुमच्या कपाळी होतीच. रामरक्षा दोनदा झाली असेल.

माझे वडील किर्लोस्करवाडीला स्टेशन मास्तर होते. पुढच्या स्टेशनानं लाइन क्लिअर, म्हणजे 'वाट मोकळी आहे, गाडी पाठवा', दिलं की यंत्रातून टोकनचा गोळा निघायचा, पुढच्या रुळांचा परवानाच तो. पण तो गोळा ड्रायव्हरच्या हातात जाऊन समोर स्टार्टर, म्हणजे गाडी सोडायचा सिग्नल, पडेपर्यंत गाडी हलायची नाही. लाइन क्लिअर ही दोन मास्तरांमधली बोली. ड्रायव्हरनं पाहायचा तो सिग्नल. विमानतळाच्या टॉवरमध्ये विमानांना परवानग्या देणारा कंट्रोलर म्हणून तीस वर्षं काढली, पण हा फरक मी क्वार्टरच्या ओट्यावर बसूनच शिकलो होतो.

आता तुमचं 'समजा'. ते झालेलं आहे. २७ मार्च १९७७, स्पेनच्या टेनेरीफ बेटावरचं लॉस रोदेओस विमानतळ. शेजारच्या बेटावर बॉम्ब फुटल्यामुळे मोठमोठी विमानं या लहान विमानतळावर येऊन दाटलेली, वर धुकं. केएलएम या डच कंपनीचं जम्बो धावपट्टीच्या टोकाला उभं. त्याच्या सहवैमानिकानं एका दमात दोन गोष्टी सांगितल्या : आम्ही टेकऑफला तयार आहोत आणि मार्गाच्या क्लिअरन्सची वाट बघतोय. कंट्रोलरनं मार्ग दिला. त्यात 'टेकऑफनंतर उजवीकडे वळा' असे शब्द होते. कॅप्टन निघाला. सहवैमानिकानं मार्ग परत म्हणून दाखवला आणि शेवटी जोडलं, 'वुई आर नाऊ ॲट टेकऑफ.' त्याच्या मनात होतं, निघालोय. कंट्रोलरला वाटलं, टेकऑफच्या जागी उभे आहेत. तो म्हणाला, 'ओके.' क्षणभर थांबून पुढे, 'थांबा, मी सांगतो.' नेमक्या त्याच वेळी त्याच धावपट्टीवर असलेलं पॅन ॲम या अमेरिकन कंपनीचं जम्बो सांगत होतं, आम्ही अजून धावपट्टीवरच आहोत. विमानांच्या रेडिओवर दोघं एकदम बोलले की कानात नुसती शिट्टी येते. केएलएमच्या कॉकपिटमध्ये 'ओके' स्वच्छ पोचलं, पुढचं शिट्टीत गेलं. ५८३ माणसं गेली.

मला आजही त्या 'ओके'ची चीड येते. माझ्या टेबलावर मी तो शब्द कधी येऊ दिला नाही. पुढे नियमच झाला, की 'टेकऑफ' हा शब्द उडायची परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच उच्चारायचा. बाकी सगळीकडे 'डिपार्चर'.

प्रश्न : मुलगी कराडला विमान चालवायला शिकते. घरी मोबाइल नंबर सांगतानाही 'नाइनर, नाइनर' करते. प्रत्येक सूचना पोपटासारखी परत म्हणायला लावतात म्हणून वैतागलीय. इतकी घोकंपट्टी कशाला?
*(एक आई, विटा)*

उत्तर : ताई, तिला नाइनर म्हणू द्या. खरखरत्या रेडिओवर नाइन आणि फाइव्ह एकसारखे ऐकू येतात, म्हणून नऊचं नाइनर आणि पाचचं फाइफ.

परत म्हणण्याचं म्हणाल, तर ते निम्मंच काम. २ जानेवारी २०२४ ला टोकियोच्या हानेदा विमानतळावर कंट्रोलरनं तटरक्षक दलाच्या विमानाला सांगितलं, नंबर वन, धावपट्टीआधीच्या थांब्यापर्यंत या. त्यांनी ते बरोबर परत म्हटलं आणि तरीही विमान थेट धावपट्टीवर जाऊन उभं राहिलं. 'नंबर वन' म्हणजे रांगेत पहिला. कॅप्टनला वाटलं, आपल्याला आत सोडलं. वरून उतरणारं प्रवासी विमान त्याच्यावर आदळलं. त्यातले ३७९ जण वाचले, तटरक्षक दलाचे सहापैकी पाच गेले. त्यानंतर जपाननं 'नंबर वन' म्हणणंच काही काळ बंद केलं.

दुसरं निम्मं काम ऐकणाऱ्याचं. तिथे मी स्वतः चुकलोय. कुठल्या विमानतळावर ते राहू द्या. सकाळच्या गर्दीत एकाच कंपनीची दोन विमानं शेजारी उभी, एकाचा नंबर ३१२, दुसऱ्याचा ३२१. मी ३१२ ला मार्ग दिला. परत म्हटला तो ३२१ नं. उंची बरोबर, कोड बरोबर, सगळं मी सांगितलं तसंच. म्हणून मी 'बरोबर' म्हणून ३१२ च्या माहितीच्या कागदी पट्टीवर खूण केली. दहा मिनिटांनी ३१२ नं विचारलं, 'आमचा क्लिअरन्स कधी?' पेन्सिल हातातून पडली. दोन्ही विमानं अजून गेटवरच होती, म्हणून निभावलं.

रात्री वडिलांना फोन करून सांगितलं. फाटक बंद केल्यावर गेटमन त्यांना फोनवर प्रायव्हेट नंबर, म्हणजे फाटक बंद झाल्याची खूण म्हणून ठरलेला आकडा, द्यायचा; तो परत म्हणून, वहीत लिहूनच ते पुढचं बघायचे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "नंबर ऐकलास, ते कळलं. आवाज कुणाचा होता?"