पायांवर उभा डबा

प्रश्न : मुलाकडे जर्मनीला गेलो होतो. हायवेलगतच्या एका आवारात मालाचे डबे चार-चार पायांवर उभे दिसले, खाली ट्रक नाही. हे काय? ट्रेलर ओढणाऱ्या गाडीला असे दोन डबे जोडता येतील का? — एक वाचक, सांगली

उत्तर : तो सुटा होणारा डबा. ड्रायव्हर गाडीचं एअर सस्पेन्शन, म्हणजे चाकांवरच्या हवेच्या पिशव्या, फुगवून डबा वर घेतो, चार पाय खाली सोडून पिना लावतो, कोपऱ्यांची कुलपं फिरवतो, हवा सोडतो आणि खालून गाडी काढतो. क्रेन नको, हमाल नको. जमीन मात्र सपाट आणि टणक हवी; पावसाळ्यातल्या आपल्या मुरमाच्या आवारात मी तरी असा डबा उभा करणार नाही.

खरी गंमत रात्री. दोन गावांहून निघालेले ड्रायव्हर मध्यावर भेटतात, डबे बदलतात आणि आपापल्या घरी झोपायला परततात. मालकाचाही फायदा, कारण माल भरेस्तोवर महागडी गाडी धक्क्यावर खोळंबत नाही.

आता तुमचे दोन डबे. तिथे ट्रक आणि मागची ट्रॉली मिळून १८.७५ मीटर चालतात, त्यात ७.८२ मीटरचे दोन डबे बसतात. तुम्ही म्हणता त्या ओढणाऱ्या गाडीमागचा नेहमीचा सेमीट्रेलर (पुढचं टोक गाडीवर टेकवलेला ट्रेलर) १३.६ मीटरचा, त्यावर ७.१५ मीटरचे आखूड डबेही दोन मावत नाहीत. त्यावर एकच लांब डबा घ्यावा. आणि हे डबे आपल्या बंदरातल्या कंटेनरसारखे भरून एकावर एक रचायचे नसतात, अंग हलकं असतं.