वॉर्प ड्राइव्ह, वर्महोल, उद्भवी गुरुत्व: यांतलं गंभीरपणे घ्यावं असं काय आहे? आइन्स्टाइनची समीकरणं तर या सगळ्याला परवानगी देतात ना?

दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण त्यावरून एका सहकाऱ्याशी माझा वाद अजून मिटलेला नाही. "समीकरणं परवानगी देतात, उरलं ते इंजिनिअरिंग," हे त्याचं ठरलेलं वाक्य. ते चूक नाही, पोकळ आहे.

आइन्स्टाइनच्या समीकरणाच्या डाव्या बाजूला अवकाशकालाची वक्रता, उजव्या बाजूला ऊर्जा-संवेग टेन्सर, म्हणजे पदार्थ आणि ऊर्जेचा हिशेब. सरळ वाटेने जायचं तर पदार्थ कोणता ते आधी ठरवायचं आणि त्यातून भूमिती सोडवून काढायची. हे महाकठीण. उलट्या वाटेने हवं ते मेट्रिक (अवकाशकालातली अंतरं ठरवणारं सूत्र) कागदावर लिहायचं, त्याचं दोनदा विकलन करायचं आणि जे हाती येईल त्याला 'पदार्थ' म्हणायचं. ही वाट कधीच अडत नाही. वहीत हवी ती शिल्लक आधी लिहून मग तिला जुळेल असा जमाखर्च भरायचा, तसाच हा प्रकार. पुरेसं गुळगुळीत असलेलं कोणतंही मेट्रिक या अर्थाने समीकरणाची 'उकल' असतं. परवानगी सगळ्यांनाच असेल तर तिला किंमत काय? खरा प्रश्न उजव्या बाजूला जे आलं ते निसर्गात आहे का, एवढाच.

वॉर्प ड्राइव्ह म्हणजे पुढचा अवकाश आकसून आणि मागचा ताणून यानाला नेणारा बुडबुडा. तो मांडताना भौतिकशास्त्रज्ञ अल्क्युबिएरेने १९९४ साली उलटी वाटच घेतली, आणि ऊर्जा-अटी (ऊर्जाघनता ऋण नसावी अशा अटी) मोडतात हेही त्याच निबंधात लिहिलं. (वर्तमानपत्रांनी ते वाक्य गाळलं.) त्याच्या बुडबुड्याच्या भिंतीतली ऊर्जाघनता वेगाच्या वर्गाच्या आणि भिंतीतल्या उताराच्या वर्गाच्या प्रमाणात येते, आणि चिन्ह ऋण. वेग प्रकाशाइतका आणि भिंतीतला उतार एकसारखा धरला तर बेरीज सोपी आहे: c⁴ भागिले १२G, गुणिले त्रिज्येचा वर्ग, भागिले भिंतीची जाडी (c प्रकाशाचा वेग, G गुरुत्वाचा स्थिरांक). त्रिज्या १०० मीटर आणि भिंत १ मीटर घ्या. उत्तर उणे १०^४७ जूलच्या आसपास, म्हणजे सूर्याच्या साधारण निम्म्या वस्तुमानाइतकी ऊर्जा, ऋण चिन्हासकट.

हा आकडा ऐकून सहकारी म्हणतो, "मोठा आहे, पण मर्यादित आहे." पण १ मीटरची भिंत चालतच नाही. फोर्ड आणि रोमन यांच्या क्वांटम असमानता सांगतात की ऋण ऊर्जाघनता जितका वेळ टिकवायची, तितकी तिची कमाल मर्यादा त्या वेळाच्या चौथ्या घाताने खाली येते. वेळ दुप्पट केला की मर्यादा सोळाव्या हिश्श्यावर. फेनिंग आणि फोर्ड यांनी १९९७ मध्ये हे या बुडबुड्याला लावलं, तर भिंत प्लांक लांबीच्या शंभरेक पट, म्हणजे सुमारे १०^−३३ मीटर, इतकी पातळ ठेवावी लागते. जाडी वरच्या सूत्रात छेदात आहे, त्यामुळे एकूण वस्तुमान १०^६२ किलोच्या पुढे जातं. दृश्य विश्वातला सगळा साधा पदार्थ १०^५३ किलोच्या घरात आहे. व्हॅन डेन ब्रूकने १९९९ मध्ये बाहेरून सूक्ष्म, आतून प्रशस्त असा बुडबुडा मांडून आकडा काही सूर्यांपर्यंत खाली आणला. हुशारी खरी, पण भिंती तितक्याच अशक्य पातळ राहिल्या. शिवाय प्रकाशाहून जास्त वेगाला पुढच्या भिंतीपर्यंत आतून कोणताही संदेश पोहोचत नाही. म्हणजे चालकाच्या हातात सुकाणूच नाही.

"पण कॅसिमिर परिणाम मोजलाय ना!" मोजलाय. निर्वातात धातूच्या दोन पट्ट्या अगदी जवळ ठेवल्या की मधल्या फटीत ऋण ऊर्जा येते आणि त्या एकमेकींकडे ओढल्या जातात, हे १९४८ चं भाकीत, आणि लामोरोने १९९७ मध्ये ०.६ ते ६ मायक्रोमीटर अंतरांवर ते ५ टक्क्यांच्या आत तपासलं. दोन सपाट पट्ट्या समांतर ठेवणं जिकिरीचं असतं, म्हणून त्याने एक पृष्ठभाग गोलाकार घेतला. आता हिशेब करू. १ मायक्रोमीटर फटीत ऊर्जाघनता उणे ४.३ × १०^−४ जूल प्रति घनमीटर. फटीची रुंदी धरून ती दर चौरस मीटरला ४.३ × १०^−१० जूल, वस्तुमानात ४.८ × १०^−२७ किलो. सोन्याच्या अणूंचा फक्त एक थर दर चौरस मीटरला काही मिलिग्रॅम भरतो, म्हणजे त्याच्या १०^२१ पट. फट शंभरपट अरुंद करून १० नॅनोमीटर केली तर ऋण ऊर्जा दशलक्षपट वाढते, पण तफावत १०^१५ पट उरतेच. आणि तिथे आदर्श आरशाचं सूत्रच लंगडं पडतं, कारण सोनं १३० ते १४० नॅनोमीटरहून लहान तरंगलांबीला आरसा राहत नाही. पट्ट्या धरून केलेली बेरीज धनच येते. ज्याला इंजिनिअरिंग म्हणायचं त्याने आधी वजन नसलेली पट्टी आणावी.

वर्महोलची, म्हणजे अवकाशातल्या दोन दूरच्या जागा जोडणाऱ्या बोगद्याचीही, हीच गत. मुखातून आत जाणारे किरण जवळ येतात आणि पलीकडे पांगतात. रायचौधरी समीकरण (१९५५) सांगतं की धन ऊर्जेने किरण एकत्रच येतात, म्हणून पांगवायला ऋण ऊर्जा लागते. मॉरिस आणि थॉर्न यांच्या १९८८ च्या मांडणीत १ मीटर त्रिज्येच्या गळ्याला (बोगद्याच्या सर्वांत अरुंद भागाला) सुमारे ५ × १०^४२ पास्कल ताण लागतो. न्यूट्रॉन ताऱ्याच्या गाभ्यातला दाब याच्या कोट्यंशालाही पुरत नाही. २०२२ मध्ये 'क्वांटम संगणकात वर्महोल बनवला' अशी बातमी आली होती. तो ९ क्युबिटांवरचा (क्वांटम संगणकाच्या बिटांवरचा) प्रयोग होता. भोक कुठेही पडलं नाही.

आता तुमचा पहिला प्रश्न. गंभीरपणे घ्यावं ते असं, ज्याला मापनाने मारता येतं. गुप्त मिती, म्हणजे नेहमीच्या तीन मितींपलीकडे दडलेल्या मिती, ही कल्पना १९९८ मध्ये मिलिमीटरच्या पातळीवर आली. तशा मिती असतील तर तितक्या कमी अंतरावर गुरुत्वाचा व्यस्त-वर्ग नियम मोडायला हवा, पण ईओट-वॉश या प्रयोगगटाने टॉर्शन बॅलन्सवर (तारेला टांगलेल्या, पीळ मोजणाऱ्या तराजूवर) २०२० पर्यंत तो ५२ मायक्रोमीटरपर्यंत खरा ठरवला. तिथे गुरुत्वाइतकाच त्रास विद्युतभाराच्या डागांचा होतो, म्हणून तबकड्यांच्या मध्ये ताणलेला पातळ धातूचा पडदा लावावा लागतो. १७ ऑगस्ट २०१७ ला दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीतून गुरुत्वीय लहरी आणि १.७ सेकंदांनी गॅमा किरण आले, १३ कोटी प्रकाशवर्षांवरून. दोघांच्या वेगातला फरक १०^१५ भागांत फार तर काही भाग. गुरुत्वाचा वेग बदलणारे कित्येक सुधारित सिद्धांत त्या दिवशी संपले. उद्भवी गुरुत्वात (गुरुत्व मूलभूत नसून आणखी खोलवरच्या कशातून तरी उपजतं, ही कल्पना) जेकबसनचं १९९५ चं काम आधी वाचा. क्षितिजाच्या (ज्यापलीकडून संकेत येत नाही त्या सीमेच्या) उष्मागतिकीतून तो आइन्स्टाइनचं समीकरण काढतो, आणि ते पक्कं आहे. व्हर्लिंडेचा कृष्णद्रव्याला पर्याय देण्याचा दावा मला तितका पटत नाही.

काही गोष्टी इथेच सांगून टाकतो. क्वांटम असमानता मुक्त (आपसात क्रिया न करणाऱ्या) क्षेत्रांसाठी आणि सपाट अवकाशकालात सिद्ध आहेत. वक्र अवकाशकालात त्या लहान प्रमाणावर लागू धरल्या जातात. क्वांटम क्षेत्रं ऊर्जा-अटी खरोखरच मोडतात, हेही मान्य. आणि धन ऊर्जेचा वॉर्प कागदावर आहे: २०२४ मध्ये एका गटाने तो दाखवला. पण तो प्रकाशाहून मंद, ठराविक वेगाचा, आणि १० ते २० मीटर त्रिज्येच्या कवचात गुरूच्या दुपटीहून जास्त वस्तुमान भरलेला. तो वेग घेणार कसा, हे त्यात नाही. सहकारी हाच निबंध पुढे करतो, म्हणून मुद्दाम लिहिलं.