लाइक सोडा, पेट्या मोजा

तुमच्या हापूसच्या जाहिरातीला लाइक चांगले आहेत, पण पेट्या किती गेल्या? आकडा एकच धरा: एका पेटीमागे जाहिरातीचा खर्च. ८०० रुपयांत ४ पेट्या गेल्या तर पेटीमागे २०० पडले. तेवढे नफ्यातून निघतात का ते बघा.

ऑर्डर व्हॉट्सअ‍ॅपवर येत असतील तर प्रत्येक जाहिरातीच्या लिंकमध्ये आधीच लिहिलेला मेसेज वेगळा ठेवा. एकीत ‘पेटी अ’, दुसरीत ‘पेटी ब’. गिऱ्हाईक कुठून आलं ते लगेच कळतं. वेबसाइट असेल तर लिंकला यूटीएम टॅग लावा, म्हणजे गिऱ्हाईक कोणत्या जाहिरातीतून आलं ते सांगणारी लिंकच्या शेवटची खूण, आणि त्यातली नावं कायम स्मॉल इंग्रजी अक्षरांतच लिहा. वेबसाइटवर कोण कुठून आलं ते मोजणारं गुगल अ‍ॅनालिटिक्स कॅपिटल आणि स्मॉल वेगळं धरतं, मग एकाच जाहिरातीच्या दोन ओळी दिसतात.

आणि कळकळीने सांगतो, एका वेळी एकच गोष्ट बदला. पहिल्या वर्षी मी फोटो, मजकूर, भाव तिन्ही एकदम बदलले. ऑर्डरी वाढल्या, पण कशामुळे ते आजतागायत कळलेलं नाही. पुढच्या वर्षी फक्त फोटो बदलला: एकात गवतात ठेवलेली बंद पेटी, दुसऱ्यात कापलेली फोड. बजेट, दिवस, गाव सगळं सारखं. फोड जिंकली.

दोन्ही जाहिराती एकाच वेळी चालवा. अक्षय्य तृतीयेच्या आठवड्याची तुलना आधीच्या आठवड्याशी केलीत तर फसाल, तेव्हा मागणी मुळातच चढलेली असते. आणि दुसऱ्याच दिवशी जाहिरात बंद करू नका. जाहिरात कुणाला दाखवायची ते शिकायला मेटाच्या (फेसबुक-इन्स्टाग्रामच्या) यंत्रणेला आठवड्यात साधारण ५० निकाल लागतात, म्हणजे ऑर्डर किंवा मेसेज, जे तुम्ही जाहिरातीत निवडलं असेल ते. बजेट लहान असेल तर निदान आठवडाभर तरी हात लावू नका.