प्रीती 'जास्त मोठी' की 'सगळ्यात मोठी'?

प्रश्न: बायबलमध्ये पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्रात 13व्या अध्यायाच्या शेवटी विश्वास, आशा, प्रीती ही तिन्ही येतात आणि मराठीत 'त्यांत प्रीती श्रेष्ठ' असं आहे. मी घरच्या घरी ग्रीक शिकतेय, तिथे शब्द आहे 'मेइझोन', म्हणजे 'जास्त मोठी'. तिघांत तुलना म्हटल्यावर सुपरलेटिव्ह नको का? मराठीत चुकलंय का?

उत्तर: नाही हो, मराठी बरोबर आहे. 'मेइझोन' हे 'मेगास' म्हणजे मोठा याचं कंपॅरेटिव्ह रूप आणि सुपरलेटिव्ह 'मेगिस्तोस', हे तुम्ही शिकलात ते खरंच, पण ते जुन्या ग्रीकचं ग्रामर झालं, पौलाच्या काळात लोक जी कोइने ग्रीक बोलायचे तिच्यात सुपरलेटिव्ह मागे पडत चाललं होतं आणि त्याचं काम कंपॅरेटिव्हच करायचं. 'मेगिस्तोस' अख्ख्या नव्या करारात एकदाच येतो, 2 पेत्र 1:4 मध्ये, आणि तिथेही अर्थ 'फार मोठी' वचनं एवढाच. उलट मार्क 9:34 बघा, शिष्य बारा, आणि वाद कशावरून, तर आपल्यात 'मेइझोन' कोण! मत्तय 13:32 मधला मोहरीचा दाणाही 'मिक्रोतेरोन', म्हणजे 'जास्त लहान', तोही सगळ्या बियांत.

खरी गंमत त्याच वाक्यात पुढे येणाऱ्या 'तूतोन' या शब्दात आहे. ही षष्ठी, ती 'यांच्यापेक्षा' पण होते आणि 'यांच्यातली' पण. काही अभ्यासक 'यांच्यापेक्षा' घेतात आणि म्हणतात की प्रीती त्या तिघांतलीच एक, ती स्वतःपेक्षा मोठी कशी असेल, म्हणून इथे देवाची प्रीती वेगळी धरायची. मला हे अजिबात पटत नाही, कारण अख्खा अध्याय एकाच प्रीतीबद्दल बोलतोय, शेवटच्या पाच शब्दांत पौल गुपचूप दुसरी कशाला आणेल? 'यांच्यातली' घेतलं की सरळ अर्थ लागतो.

आणि आपल्याला हे ग्रामर परकं नाहीच, लघुतर मधला 'तर' आणि ग्रीक 'तेरोस' एकाच मुळातले, तसंच श्रेष्ठ, कनिष्ठ मधला 'इष्ठ' आणि मेगिस्तोस मधला 'इस्तोस', म्हणजे 'श्रेष्ठ' हे मुळात सुपरलेटिव्हच, भाषांतर करणाऱ्यांनी अगदी नेमका शब्द घेतलाय.

वेळ मिळाला की 3 योहान 4 ग्रीकमधून जरूर वाचा, तिथे 'मेइझोतेरान' आहे, 'मेइझोन' एकट्याने पुरेसं वाटेना म्हणून त्यालाच परत 'तेर' जोडलेला.