लग्नाच्या वाढदिवसाला दोन रात्री गोव्यात कॅसिनो असलेल्या रिसॉर्टवर राहायचं आहे. कुठे राहावं आणि खेळायला किती पैसे न्यावेत?

तुम्ही लिहिलंय की पुण्याहून दोघंच निघताय, कॅसिनोत आधी कधी पाऊल टाकलेलं नाही, खेळायला २०,००० रुपये बाजूला काढलेत, आणि खोलीतून लिफ्टने खाली उतरलं की कॅसिनो असं रिसॉर्ट हवंय.

शेवटचा मुद्दा आधी घेतो, कारण बुकिंग त्यावरच ठरतं. गोव्यात जुगाराचा कायदा १९७६ चा आहे आणि त्यात नंतर झालेल्या दुरुस्त्यांनी दोनच दारं उघडली. जमिनीवर फक्त पंचतारांकित हॉटेलांत, तेही यंत्रावरचे खेळ. माणूस समोर उभा राहून पत्ते वाटतोय, चाकात गोळी फिरवतोय, असं खरं टेबल हवं असेल तर ते पाण्यावरच्या जहाजात. ही जहाजं पणजीला मांडवी नदीत नांगरलेली असतात: डेल्टिन रोयाल, डेल्टिन जॅक, कॅसिनो प्राइड, मॅजेस्टिक प्राइड, बिग डॅडी वगैरे. म्हणजे तुमच्या डोक्यात जे चित्र आहे, ते रिसॉर्टच्या तळमजल्यावर बहुधा मिळणार नाही. तिथे रुलेट, म्हणजे ते गोळीचं चाकसुद्धा, पडद्यावर बोट लावून खेळायचं असतं.

म्हणून माझा सल्ला असा की कॅसिनोसाठी रिसॉर्ट निवडू नका. राहायचं पणजीत. फोंतेन्हासच्या गल्ल्यांत, मळा भागात किंवा मिरामारला चांगली खोली घ्या आणि एक संध्याकाळ जहाजासाठी ठेवा. दक्षिण गोव्यातल्या वार्का-कोलव्याच्या रिसॉर्टवर राहिलात तर रात्री दोन वाजता तासाभराची टॅक्सी करावी लागते. गोव्यात ओला-उबर चालत नाहीत. गोवा माइल्स हे ॲप आहे, नाहीतर हॉटेलवाल्याकडून येण्या-जाण्याचं भाडं आधीच ठरवून घ्या. जहाजावर तिकिटातच दारू असते, त्यामुळे भाड्याची स्कूटर घेऊन जेटीवर जाऊच नका. खोली ठरवताना एक आकडा लक्षात ठेवा. रात्रीचं भाडं ७,५०० रुपयांपर्यंत असेल तर जीएसटी ५ टक्के, त्यावर गेलं की १८. म्हणजे ७,४०० ची खोली ७,७७० ला पडते आणि ७,६०० ची ८,९६८ ला. दोनशे रुपयांच्या फरकाचे बाराशे होतात.

वार निवडता येत असेल तर मंगळवार ते गुरुवार. शुक्रवारपासून प्रवेशाचे दर चढतात आणि टेबलावरची किमान बोलीही वाढवतात. नवख्या माणसाला ही दुसरी वाढ जास्त लागते.

ओळखपत्र मूळ आणि सरकारी हवं, फोटोसह. मोबाइलमधल्या फोटोवर विसंबू नका. वय २१ पूर्ण पाहिजे. आणि १ फेब्रुवारी २०२० पासून गोव्याच्या रहिवाशांना कॅसिनोत खेळायला बंदी आहे. तुम्ही पुण्याचे, तुम्हाला काय त्याचं, असं वाटेल. पण बायकोचं माहेर म्हापशाचं किंवा फोंड्याचं असेल आणि आधारवरचा पत्ता लग्नानंतरही बदलला नसेल, तर अडवणूक तिथेच होते. निघण्याआधी दोघांच्या कार्डांवरचे पत्ते वाचा. पॅन कार्डही जवळ असू द्या. पुरुषांनी हाफ पँट, बिनबाह्यांचा टीशर्ट, चप्पल टाळावी. बायकांना कपड्यांची फारशी अट नसते, पण उंच टाचा नकोत. कारण जहाज किनाऱ्याला लागलेलं नसतं. काउंटरवर नोंदणी आणि तपासणी झाली की छोट्या बोटीने नदीत नेतात. बोट आणि जहाज यांच्यामधली फळी पाण्याबरोबर वर-खाली होत असते, आणि रात्री परतताना तिच्यावर पाय टाकणं आणखी अवघड जातं.

जहाज कुठे फिरायला जात नाही, हेही सांगून ठेवतो. सूर्यास्ताला मांडवीत जी नाचगाण्याची बोट फिरते ती निराळी, ती सांता मोनिका जेटीवरून सुटते. रस्त्यावरचे दलाल दोन्ही एकाच दमात विकतात. तिकीट कॅसिनोच्या स्वतःच्या काउंटरवर किंवा संकेतस्थळावरच घ्या आणि फलकावरचा दर कर धरून आहे का ते विचारा.

तिकिटात साधारणपणे प्रवेश, जेवण, पेयं, कार्यक्रम आणि काही रकमेच्या चिप्स, म्हणजे पैशांऐवजी टेबलावर लावायच्या चकत्या, असतात. तिकिटातल्या या चिप्सना तिथे ओटीपी म्हणतात, म्हणजे वन टाइम प्ले. त्या रोखीत बदलून मिळत नाहीत. एकदा टेबलावर लावल्या की हरा वा जिंका, त्या गेल्या. जिंकलात तर मिळणारी रक्कम मात्र खऱ्या चिप्समध्ये येते. कोणत्या टेबलावर आणि कोणत्या बोलीवर चालतात हे घेतानाच विचारा, आणि पहिल्यांदा त्याच वापरा.

आता तुमचे २०,०००. इथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण बहुतेकांचा हिशेब इथेच फसतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून कॅसिनोवर ४० टक्के जीएसटी आहे, त्याआधी तो २८ होता. हा कर तुम्ही हरता की जिंकता यावर नाही, तर चिप्स घेताना मोजलेल्या पैशांवर लागतो. सगळा कर तुमच्याकडून घेतला तर २०,००० रुपयांत हातात येतात साधारण १४,२८५ च्या चिप्स. ५,७१५ रुपये एकही डाव न खेळता गेले. चिप्सच्या खिडकीवर एकच प्रश्न विचारा: इतके रुपये दिले तर चिप्स कितीच्या? उत्तर ऐकूनच नोटा काढा.

यातून तीन गोष्टी निघतात. एक, न खेळता परत केलेल्या चिप्सवरचा कर परत मिळत नाही. म्हणून सगळे पैसे एकदम बदलू नका, आधी पाच हजारांच्याच घ्या. दोन, जिंकलेल्या चिप्स पुन्हा लावल्या तर त्यांच्यावर नव्याने कर नाही. तीन, म्हणून मध्येच रोख करून जेवायला जाणं आणि जेवून पुन्हा चिप्स घेणं हा शुद्ध तोटा आहे, कर दुसऱ्यांदा बसतो. चिप्स खिशात ठेवून जेवा. रोख करायचं ते निघतानाच.

कराची ही रक्कम किती मोठी आहे ते रुलेटवरून कळेल. एका शून्याच्या चाकात ३७ घरं असतात. आकडा लागला तर ३५ पट देतात, आणि त्या फरकातून घराचा, म्हणजे कॅसिनोचा, वाटा सरासरी २.७ टक्के पडतो. दर डावाला ५०० रुपये, तासाला ४० डाव, म्हणजे २०,००० ची उलाढाल. सरासरी तोटा तासाला ५४० रुपये. खिडकीवरचे ५,७१५ म्हणजे दहा तासांहून अधिक रुलेट झालं! प्रत्यक्षात एका संध्याकाळी सरासरीपेक्षा खूप वर-खाली होतं, पण प्रमाण हेच. म्हणून मी दोघांत मिळून १०,००० म्हणेन, आणि तेही गेले असं धरूनच.

चाकाजवळ गेलात की आधी हिरवी घरं मोजा. एकच शून्य असेल तर बसा. शून्य आणि दुहेरी शून्य असं दोन्ही असेल तर घराचा वाटा ५.२६ टक्के होतो, म्हणजे जवळजवळ दुप्पट. नोट डीलरच्या, म्हणजे टेबल चालवणाऱ्याच्या, हातात द्यायची नाही, टेबलावर ठेवायची. डीलर ‘नो मोअर बेट्स’ म्हणाला की हात मागे. रुलेटला प्रत्येक खेळाडूला वेगळ्या रंगाच्या चिप्स देतात आणि त्यांची किंमत फक्त त्याच टेबलावर. उठण्याआधी त्या तिथेच साध्या चिप्समध्ये बदलून घ्या. पहिल्यांदा येणारे हमखास त्या खिशात घालून पुढच्या टेबलावर जातात.

नवख्या जोडप्याला मी बॅकरॅट हा पत्त्यांचा खेळ सुचवेन. स्वतःला काहीच ठरवावं लागत नाही: दोन बाजूंपैकी प्लेअरवर लावायचं की बँकरवर, एवढंच. बँकरवर घराचा वाटा १.०६ टक्के, प्लेअरवर १.२४. बरोबरीवर, म्हणजे टायवर, आठपट देतात म्हणून हात शिवशिवतो, पण तिथे वाटा १४ टक्क्यांच्या वर आहे. टायला हात लावू नका. अंदर-बाहर घरचाच खेळ वाटेल. ज्या बाजूला पहिलं पान पडतं ती किंचित जास्त वेळा जिंकते, सुमारे ५१.५ टक्के, म्हणून त्या बाजूला बहुधा पूर्ण पट देत नाहीत. ब्लॅकजॅक, म्हणजे पानांची बेरीज २१ च्या जवळ नेण्याचा खेळ, नीट शिकून खेळलं तर सगळ्यांत स्वस्त, पण टेबलावरची पाटी वाचा. ब्लॅकजॅकला, म्हणजे पहिल्या दोनच पानांत २१ झाले तर, तीनास दोन असेल तर ५०० वर ७५० मिळतात, सहास पाच असेल तर ६००. सहास पाचच्या टेबलावर बसू नका. स्लॉट यंत्रं शेवटी, उरलेल्या सुट्ट्यांपुरती.

दोघांच्या बाबतीत एक आवर्जून सांगायचंय. दोघांनी वेगवेगळ्या टेबलांवर वेगवेगळे पैसे लावले की तासाभराने एक हरलेला असतो आणि दुसऱ्याला त्याचा पत्ता नसतो. त्यापेक्षा एकाच रकमेतून, शेजारी बसून खेळा. एक लावेल, एक मोजेल. डेबिट आणि क्रेडिट कार्ड हॉटेलच्या तिजोरीत ठेवा, कारण हरलेले वसूल करायला बाराच्या पुढे जे पैसे काढले जातात ते ठरवलेले नसतातच. परतीच्या बोटीची वेळही आधी ठरवा. एकाला कंटाळा आला तर दोघंही उठायचं, हे निघतानाच बोलून घ्या. ज्याला खेळायचं नाही त्याला गर्दीच्या टेबलाशी बसू देत नाहीत. त्याने वरच्या डेकवर जाऊन नदी बघावी, पणजीचे दिवे तिथून फार सुंदर दिसतात.

जिंकलात तर त्यावर आयकर सरळ ३० टक्के, वर उपकर. हरलेली रक्कम त्यातून वजा होत नाही आणि मूळ करमाफीची मर्यादाही या उत्पन्नाला लागू नाही. रिटर्नही ‘सहज’ नावाच्या साध्या फॉर्मवर (आयटीआर-१) भरता येत नाही, तेव्हा पावत्या जपून ठेवा.

दुसऱ्या दिवशी उशिरा उठाल. नाश्त्याला पणजीतल्या कुठल्याही जुन्या कॅफेत पातळ भाजी, पाव आणि मिरचीची भजी. मग रायबंदरला जाऊन चोडणची फेरी पकडा. गाडीही फेरीत चढते, आणि पलीकडे उतरलं की जवळच सलीम अली पक्षी अभयारण्य आहे. खारफुटीतली ती वाट भरती-ओहोटीप्रमाणे बदलते, म्हणून जाण्याआधी हॉटेलात भरतीची वेळ विचारून घ्या.